वर्ग लहानांचा, वेळ ४० मिनिटं, आणि एक जण कायम टेबलाखाली

चिमणी_वर्ग

सलाम.

तीन महिन्यांपूर्वी आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) शब्बाथशाळेतला, म्हणजे रविवारी मुलांना बायबलच्या गोष्टी शिकवतात तिथला, सगळ्यात लहान वर्ग माझ्या गळ्यात पडला. आधीच्या ताई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, उपासनेनंतर पाळकसाहेबांनी विचारलं, आणि मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं तर "हो" बाहेर पडलं. मुलं ११ ते १४, वयं साडेतीनपासून आठपर्यंत. खोली एक, सतरंजी एक, टेबल एक. वेळ ४० मिनिटं, पण उपदेश लांबला की ५५ सुद्धा होतात.

टेबलाचा उल्लेख मुद्दाम केलाय. पाच वर्षांचा एक मुलगा दर रविवारी आला की सरळ टेबलाखाली जाऊन बसतो. बाहेर ये म्हटलं की आणखी आत सरकतो.

शनिवारी रात्री मी पाठाचं पुस्तक दोनदा वाचते. वर्गात प्रार्थना, मग गोष्ट, मग प्रश्न, मग बायबलमधलं एखादं वचन पाठ करून घेणं, उरलेल्या वेळात चित्र रंगवणं. पहिली पाच मिनिटं छान जातात. नंतर कुणीतरी कुणाचीतरी क्लिप ओढतं, एकाला शू लागते आणि मग सगळ्यांनाच लागते. गेल्या रविवारी हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली, अगदी जीव ओतून. शेवटी विचारलं, "मेंढरू सापडल्यावर मेंढपाळाला कसं वाटलं असेल?" चार वर्षांच्या एकाने हात वर केला. मला भरून आलं. तो म्हणाला, "माझ्या बुटात लाइट लागतो."

मी रागावणारी बाई नाही, पण गेल्या खेपेला ओरडले. घरी येऊन रडलेसुद्धा. ज्यांनी हे वर्ग घेतलेत त्यांनी जरा सांगा. "प्रेमाने घ्या" एवढंच सांगू नका, ते पाळकीणबाईंनी सांगून झालंय.

जुनी घंटा

बुटातल्या लाइटवर मनापासून हसले. ताई, अहो त्याने उत्तर बरोबरच दिलं. तुम्ही आनंदाबद्दल विचारलंत, त्याने स्वतःचा आनंद सांगितला.

मी २८ वर्षं हा वर्ग घेतला, आता गुडघ्यांमुळे सोडलाय. पहिलं काम म्हणजे पाठाला कात्री लावा. पुस्तकात एका रविवारसाठी गोष्ट, तीन मुद्दे, वचन, "आपण काय शिकलो" असं सगळं ठासलेलं असतं. त्यातली एक गोष्ट आणि त्या गोष्टीतली एकच बाब घ्या. हरवलेलं मेंढरू असेल तर "मेंढपाळ शोधायला गेला", बस्स. तोंडाने सांगण्याचा भाग सात-आठ मिनिटांच्या वर नको. आमच्याकडे ढोबळ हिशेब असायचा, जितकं वय तितकी मिनिटं, फार तर त्याच्या दुप्पट. हा काही नियम नाही, अंदाज आहे, पण साडेतीन वर्षांच्या पोराकडून वीस मिनिटांची अपेक्षा का ठेवू नये ते त्यातून कळतं.

दुसरं, पुस्तक घरी ठेवून या. पुस्तक हातात असलं की तुमचे डोळे पुस्तकात आणि पोरांचे खिडकीत. गोष्ट चुकली तरी चालेल (मी एकदा योनाला तारवात, म्हणजे जलप्रलयाच्या गोष्टीतल्या नोहाच्या जहाजात, बसवलं होतं, एका सहा वर्षांच्या मुलीने मला थांबवून माशाच्या पोटात पाठवलं), पण सांगा त्यांच्याकडे बघून.

तिसरं, गोष्ट हातात द्या. मेंढराच्या वेळी मी कापसाचं एक मेंढरू वर्गाआधी खोलीत लपवून ठेवायचे. पोरं आली की काही न बोलता मीच शोधायला लागायचे, दाराआड, खुर्चीखाली. दोन मिनिटांत सगळा वर्ग शोधत असायचा. सापडलं की जो आरडाओरडा व्हायचा, तेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर. "कसं वाटलं" हे मग विचारावं लागत नाही.

आमच्या काळी फलालीनचा बोर्ड होता. त्यावर कापडाची माणसं, मेंढरं, होड्या चिकटायच्या आणि निघायच्या. एकेका मुलाने उठून एकेक चित्र लावायचं. आता तो कुठे दिसत नाही, पण खोक्यावर जुनी चादर ताणून आणि चित्रांच्या मागे खरखरीत कागद लावून तुम्हाला घरी करता येईल.

टेबलाखालच्याबद्दल नंतर लिहिते, चहा उतू जातोय.

बालवाडीवाली

घंटाकाकूंना +१. मी पेशाने बालवाडी शिक्षिका, शब्बाथशाळेत महिन्यातून दोनदा जाते. थोडं वर्गाच्या बांधणीबद्दल बोलते.

तुमचा क्रम बघा ताई: प्रार्थना बसून, गोष्ट बसून, प्रश्न बसून, वचन बसून, रंगवणं बसून. मोठी माणसं उपासनेत सुद्धा गाण्याला उभी राहतात! मुलांना चाळीस मिनिटं सतरंजीला चिकटवलंत तर त्यांचे पाय दुसऱ्याच्या क्लिपपर्यंत जाणारच. बसणं आणि हलणं आलटून पालटून ठेवा. गोष्ट बसून, वचन उभ्याने, गाणं हातवारे करत, मग चित्र.

सुरुवात तर मुळीच प्रार्थनेने करू नका. (दगड मारू नका, पुढे वाचा.) मुलं एकदम येत नाहीत, दहा मिनिटं टपकत राहतात. पहिल्या आलेल्या तिघांना तुम्ही गप्प बसवून ठेवता, आणि सगळे जमेपर्यंत त्यांचा संयम संपलेला असतो. आल्या आल्या हाताला काहीतरी काम द्या, आणि ते त्या दिवसाच्या गोष्टीतलंच हवं. मोहरीच्या दाण्याचा दाखला असेल तर ताटलीत मोहरी, प्रत्येकाने एक दाणा बोटाच्या टोकावर उचलून दाखवायचा. सगळे जमले की मग प्रार्थना, आणि तीही छोटी.

एका कामातून दुसऱ्या कामात जाताना वर्ग फुटतो, गोष्टीच्या मध्ये सहसा फुटत नाही. तुमच्या "शू"ची लाट कधी आली ते आठवून बघा, बहुतेक गोष्ट संपून वचन सुरू होताना. त्या सांध्यांवर दर वेळी तेच दोन ओळींचं गाणं म्हणा. तीन-चार रविवारांत गाणं सुरू झालं की पाय आपोआप वळतात. आणि सगळ्यांना वर्गाआधीच शू करून आणा.

आवाज चढवायचा नाही, उतरवायचा. तुम्ही कुजबुजलात की ती ऐकायला पुढे सरकतात. हे कायम चालत नाही, पण दहातल्या सहा वेळा चालतं.

आणि भाषा जपून वापरा. दोन ते सात या वयाच्या विचारपद्धतीवर मानसशास्त्रज्ञ पियाजेने जे लिहिलंय ते वर्गात रोज दिसतं: मुलं शब्द शब्दशः घेतात. "येशू तुझ्या हृदयात राहतो" असं मी एकदा सांगितलं, तर एका मुलीने पाण्याचा पेला खाली ठेवला. तो भिजेल म्हणून! "तुझ्यावर प्रेम करतो" म्हणा, "तुझं ऐकतो" म्हणा. उपमा आठव्या-नवव्या वर्षासाठी राखून ठेवा.

फक्त वाचक

हे सगळे नखरे हल्लीचे. आम्ही लहानपणी मोठ्यांच्या मांडीला मांडी लावून पूर्ण उपासना बसायचो, हूं की चूं नाही. घरी मोबाईल हातात देऊन वाढवलेली पोरं वर्गात कशी बसतील? आधी पालकांचा वर्ग घ्या.

दोन पिल्लांची आई

@फक्त वाचक, काका, तुम्ही बसायचात हे खरं. ऐकत होता का? एखादा उपदेश आठवतोय?

फक्त वाचक

उपदेश नाही आठवत. पंखा आठवतो. त्याला एक पातं वाकडं होतं.

कानामात्रा

:-) प्रामाणिक उत्तर.

शब्बाथशाळेच्या "जुन्या काळा"बद्दल थोडं. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरात रॉबर्ट रेक्स या वृत्तपत्रचालकाने १७८० मध्ये ही शाळा सुरू केली आणि तिथून ती चळवळ म्हणून पसरली. (त्याआधीही तुरळक प्रयत्न झाले होते, हॅना बॉल यांनी हाय विकम इथे १७६९ मध्ये असे वर्ग घेतले होते.) ही मुलं आठवड्याचे सहा दिवस कामावर जायची, सुटी फक्त रविवारी. म्हणून रविवार. शिकवायचे काय, तर आधी वाचायला. पवित्र शास्त्र हेच वाचनाचं पुस्तक. रेक्सने आपल्या वेळापत्रकाबद्दल लिहून ठेवलंय: सकाळी १० ते १२, घरी जाऊन पुन्हा दुपारी १ ला हजर, मग धडा, मग चर्च, मग संध्याकाळी ५ नंतरपर्यंत प्रश्नोत्तरं घोकणं. तेव्हा फक्त वाचक काकांच्या मतानेही आपली पोरं स्वस्तात सुटतायत.

सांगायचं हे की शाळेच्या बाहेर राहिलेल्या मुलांसाठी ती शाळा होती. आजची मुलं सहा दिवस शाळेत बसूनच येतात. सातव्या दिवशी पुन्हा तसंच बसवायचं का, याचा विचार व्हावा.

चिमणी_वर्ग

बापरे, एका रात्रीत इतकं! सगळ्यांचे आभार. क्रमाचं पटलं, माझ्या वर्गात खरंच सगळं बसूनच चालतं. मला वाटायचं की मुलं हलली म्हणजे वर्ग माझ्या हातातून गेला.

दोन शंका. वचन पाठांतराला आधीच्या ताई स्टिकर द्यायच्या, दहा स्टिकरला एक बक्षीस. मी चालू ठेवू का? आणि सात-आठ वर्षांची तिघं आहेत, त्यांना हे "बाळांचं" वाटतं, ती मागे बसून जांभया देतात.

दोन पिल्लांची आई

स्टिकरबद्दल माझं ऐका, मी त्यात पोळलेली आई आहे. मोठीचं पाठांतर झटपट, तिचा तक्ता चमचम करायचा. धाकट्याचं होईना. एका रविवारी निघायच्या वेळी म्हणाला, "मला पोटात दुखतंय." पुढच्या रविवारीही दुखलं. तिसऱ्या वेळी कळलं, भिंतीवर त्याच्या नावापुढे दोनच तारे होते. देवाच्या घरातसुद्धा नंबर!

तक्ता भिंतीवर लावू नका. बस एवढंच.

बालवाडीवाली

यावर एक गाजलेला प्रयोग आहे. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडतं अशी बालवाडीतली मुलं निवडली. एका गटाला आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर बक्षीस. दुसऱ्याला न सांगता नंतर अचानक दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळात तीच पेनं समोर ठेवली, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर काढणाऱ्या मुलांनी पेनांना सगळ्यात कमी हात लावला. खेळाचं काम झालं होतं.

कानामात्रा

पण त्या मुलांना चित्रं आधीपासून आवडत होती, हे तुम्हीच लिहिलंत. वचनं पाठ करायला कुठल्या मुलाला आधीपासून आवडतं? नावडत्या गोष्टीची सुरुवात करून द्यायला एखादा स्टिकर चालेल असं मला वाटतं.

बालवाडीवाली

मान्य, तो मुद्दा आहे. मग सगळ्यांना द्या, आल्याबद्दल, वर्ग संपताना. आणि वचन आवडेल असं करा की! फळ्यावर लिहा, सगळ्यांनी म्हणा, एक शब्द पुसा, पुन्हा म्हणा, आणखी एक पुसा. फळा कोरा होईपर्यंत पाठ झालेलं असतं. शब्द कोणी पुसायचा यावरच भांडणं होतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक शब्दाला हाताची एक खूण ठरवा. एकदा उंदराच्या आवाजात, एकदा सिंहाच्या. स्तोत्र २३ ची सहाच वचनं आहेत. आम्ही सहा महिन्यांत एकेक करून अख्खं स्तोत्र खुणांनी बसवलं, कुणालाही एकट्याने उभं न करता.

अर्धीपेन्सिल

मी १६ वर्षांचा आहे, आमच्या इथे लहानांच्या वर्गात मदतनीस. मोठ्या मुलांबद्दल मी लिहू शकतो कारण दहा वर्षांपूर्वी मागे बसून जांभया देणारा मीच होतो.

त्यांना काम द्या. हजेरी घेणं, बाहुली चालवणं, दिवे बंद-चालू करणं, गोष्टीतला आवाज काढणं. मोजमापाचं काम तर फारच आवडतं. दावीदाने गोफणीच्या गोट्याने पाडलेल्या धिप्पाड गल्याथाची उंची शास्त्रात सहा हात आणि एक वीत दिलीय. हात म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. आम्ही जमिनीवर दोरी टाकली आणि आठ वर्षांच्या मुलीने तिच्या हाताने सहा हात आणि एक वीत मोजलं. मग मी माझ्या हाताने मोजलं. माझा गल्याथ तिच्यापेक्षा खूप लांब निघाला! यावर वीस मिनिटं चर्चा, खरा गल्याथ कुणाच्या हाताने मोजायचा. मोठ्या माणसाचा हात साधारण ४५ सेंटिमीटर धरला तर तो जवळजवळ २.९ मीटर होतो. मग त्या दोरीवर सगळे शेजारी शेजारी झोपले. दोन छोटे अधिक एक बूट = एक गल्याथ. तोपर्यंत दावीदाला पाच गोटे मिळालेसुद्धा नव्हते पण कुणी जांभई दिली नाही.

तारू पण मोजायला घेतलं होतं, ३०० हात लांब. भिंत संपली.

जुनी घंटा

अर्धीपेन्सिल, शाब्बास रे. असा एक मदतनीस असला की बाईचं निम्मं ओझं उतरतं. ताई, दुसरं मोठं माणूस वर्गात हवंच, मदतीसाठी आणि रीत म्हणूनही. एकटं मोठं माणूस मुलांबरोबर बंद खोलीत नको, आणि मूल घ्यायला येईल त्याच्याच हातात द्यायचं. याबाबत भिडस्तपणा करू नका, पाळकसाहेबांना स्पष्ट सांगा. आणि मदतनीस १६ चा असेल तर तो त्या हिशेबात धरायचा नाही.

टेबलाखालच्याची_आई

हा आयडी आत्ता याच धाग्यासाठी काढला. चिमणी_वर्ग, तुमच्या वर्गातल्या मुलाची आई मी नाही, पण माझाही टेबलाखाली बसतो. आमच्याकडे पियानोच्या मागे बसतो, इतकाच फरक.

आमच्या आधीच्या शिक्षिकेने मला तीनदा बोलावून सांगितलं, "तो वर्गात नसतोच." मी मान खाली घालून ऐकलं. त्याच दिवशी रात्री आंघोळ करताना त्याने मला जक्कयाची, म्हणजे येशूला बघायला झाडावर चढलेल्या ठेंगण्या माणसाची, अख्खी गोष्ट सांगितली. उंबराच्या झाडासकट. त्याला ते झाड महत्त्वाचं वाटलं होतं, कारण जक्कय वर बसून सगळं बघत होता आणि कुणी त्याला बघत नव्हतं. "माझ्यासारखा" म्हणाला.

माझ्या मुलाला आवाज जास्त लागतो, उजेड जास्त लागतो, शेजारच्याचा कोपर लागला तरी टोचतं. त्याचं नाव काय ते डॉक्टरांनी सांगितलंय, इथे लिहीत नाही. सगळ्या टेबलाखालच्या मुलांचं तसंच असेल असंही नाही. काही नुसती लाजाळू असतात, काहींना गुहा आवडते. पण बाहेर ओढल्याने कुणाचंच ऐकणं वाढत नाही. नव्या शिक्षिकेने एवढंच केलं: पियानोमागे एक उशी टाकली, आज काय काय होणार त्याची चार चित्रं क्रमाने भिंतीवर लावली, आणि टाळ्यांचं गाणं यायच्या आधी त्याला सांगायला लागली. "माझ्याकडे बघ" म्हणणं बंद केलं. तो बघत नसतो तेव्हा जास्त ऐकतो.

जुनी घंटा

मी टेबलाखालच्याबद्दल लिहिणार होते. आता लिहीत नाही. या बाईंनी लिहिलं तेच.

चिमणी_वर्ग

हे वाचून मी बराच वेळ फोन खाली ठेवून बसले. माझ्या डोक्यात तो "न ऐकणारा" मुलगा होता. मी एकदाही तपासलं नव्हतं.

फक्त वाचक

ऑनलाइन एवढ्या बायबलच्या कार्टून गोष्टी आहेत. पडद्यावर लावून द्या, चाळीस मिनिटं पोरं हलणार नाहीत.

बालवाडीवाली

काका, कालच मोबाईलच्या नावाने खडे फोडत होतात! हलणार नाहीत हे खरं आहे. तीन मिनिटांची एखादी फीत गोष्टीच्या आधी दाखवायला माझी हरकत नाही, वाळवंट कसं असतं, मेंढवाडा कसा असतो. पण अख्खी गोष्ट पडद्याने सांगितली की तुम्ही फक्त बटण दाबणारी बाई होता, आणि पडदा बंद झाल्यावर जो गोंधळ होतो तो तुमच्या वाट्याला.

जाता जाता: १९५४ मध्ये रोममध्ये सोफिया कावालेत्ती आणि जान्ना गोब्बी यांनी माँटेसरीच्या धर्तीवर लहानांचं धर्मशिक्षण सुरू केलं. छोटा लाकडी मेंढवाडा, मेंढरं, मेंढपाळ. बाई हळू आवाजात थोडंच सांगतात आणि मग मूल ते स्वतः हाताळतं. जेरोम बेरीमन यांनी त्यातूनच पुढे प्रश्न विचारायची एक पद्धत बसवली. "सांगा पाहू" नाही, तर "मला प्रश्न पडतो, ती मागे राहिलेली ९९ मेंढरं काय करत असतील?" असं म्हणायचं, कुणाकडे बोट न करता, आणि थांबायचं. थांबणं फार अवघड असतं. मला अजून जमत नाही.

दोन पिल्लांची आई

एक विचारू? जलप्रलयाची गोष्ट ऐकून धाकटा रात्री उठून बसला. "मग बाकीची बाळं?" मला उत्तर सुचलं नाही. एवढ्या लहान मुलांना अशा गोष्टी सांगाव्यात का?

जुनी घंटा

मी चार वर्षांच्यांना तारू सांगायचे ते आतून: प्राणी कसे झोपले असतील, खायला कोण घालत असेल, कबुतराने पान आणलं. बाहेरचं पाणी मोठं होईपर्यंत थांबलं तरी चालतं. पण त्याने स्वतःच विचारलं असेल तर टाळू नका. "मलाही त्या बाळांचं वाईट वाटतं" म्हणा, जवळ घ्या. मी असंच म्हणायचे.

कानामात्रा

अर्धी गोष्ट सांगणं म्हणजे खोटं सांगणं नाही का?

जुनी घंटा

नाही हो. खोटं म्हणजे पुढे जे पुसावं लागेल ते. मी जे सांगितलं नाही ते त्यांना मोठेपणी शास्त्रातच सापडतं. जे सांगितलं त्यातलं काही परत घ्यावं लागू नये, एवढं बघायचं.

कानामात्रा

हे पटलं. लिहून ठेवतो.

चिमणी_वर्ग

पुढचे दोन रविवार तुमच्या सांगण्याप्रमाणे केलं. पहिला फसला. सगळं एकदम बदललं, मोहरीचे दाणे सतरंजीत गेले, एक दाणा एका नाकात गेला (निघाला, मूल ठीक आहे, आई रागावली). नाकात जाईल असं काही पुन्हा आणणार नाही. बालवाडीवाली, हा धोका आधी सांगायचा होतात!

दुसरा बरा गेला. टेबलाखाली उशी ठेवली, चार चित्रं लावली. तो काही बोलला नाही, उशी मात्र जवळ ओढली. उपदेश लांबला तेव्हा माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं, शेवटची बारा मिनिटं पुन्हा यात्राच.

बालवाडीवाली

नाकाबद्दल माफी. माझ्या वर्गात कधी गेला नाही म्हणून लिहायचं सुचलं नाही, माझीच चूक. साडेतीन वर्षांचं मूल असेल तर दाणा बाईंनीच हातात धरून दाखवावा.

उपदेश लांबल्यावर काढायची एक पेटी ठेवा. एरवी कुलूपबंद, त्यामुळे तिचं अप्रूप टिकतं. आत लोकरीचे तुकडे, बोटांच्या बाहुल्या, एक टॉर्च. टॉर्चने भिंतीवर सावल्या पाडून आजचीच गोष्ट मुलांनी तुम्हाला सांगायची. चुका मुद्दाम करा, त्यांना दुरुस्त करायला फार आवडतं.

अर्धीपेन्सिल

पुढची गोष्ट कुठली आहे? यरीहो शहराचा तट लोकांच्या आरोळीने पडतो ती असेल तर खोकी गोळा करा. तट बांधायचा, सात फेऱ्या, मग आरोळी, धडाम. आमच्याकडे हिट झाला होता.

कानामात्रा

फेऱ्या तेरा. सहा दिवस रोज एक, सातव्या दिवशी सात. आणि महत्त्वाचं म्हणजे त्यांचा पुढारी यहोशवाने लोकांना ताकीद दिली होती की मी सांगेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. याजक शिंगं वाजवत होते, लोक गप्प. म्हणजे गोष्टीतच शांतता दिलेली आहे. वर्गाला गप्प बसवायला बाईंची गरज नाही, यहोशवाचा हुकूम आहे.

आणि यरीहोतल्या राहाबेला विसरू नका. तिचं घर तटालाच लागून होतं. तिने यहोशवाच्या हेरांना लपवलं, खिडकीला किरमिजी दोरी बांधली, आणि तिच्या घरात जे होते ते सगळे वाचले. चिमणी_वर्ग, तुमच्याकडे एक टेबल आहे ना?

टेबलाखालच्याची_आई

कानामात्रा!!

चिमणी_वर्ग

केलं. आत्ताच घरी आले, अजून आवाज बसलेला आहे.

खोकी टेबलाभोवती रचली, म्हणजे टेबल झालं यरीहो. तो नेहमीसारखा आधीच आत होता. मी वाकून सांगितलं, "हे राहाबेचं घर आहे. ही दोरी खिडकीला बांधायची, म्हणजे बाहेरच्यांना कळतं की आत आपली माणसं आहेत." लाल लोकर त्याच्या हातात दिली. त्याने टेबलाच्या पायाला बांधली. गाठ येत नव्हती, पण मी हात लावला नाही, मोठ्या तिघांपैकी एकीने बाहेरून हळूच टोक धरलं.

तेरा फेऱ्या, ओठांवर बोट. साडेतीन वर्षांची पोरगी चौथ्या फेरीला खाली बसली, तिला कडेवर घेतलं. मोठी तिघं याजक, कागदाच्या पुंगळ्या वाजवत. सातव्या फेरीच्या सुमारास उपदेश संपल्याचं मला कळलं, कारण पाळकसाहेब दारात येऊन उभे होते. त्यांनी काही विचारायला तोंड उघडलं तर सगळ्या वर्गाने त्यांच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. ते उरलेल्या फेऱ्या मागोमाग चालले.

आरोळी बहुतेक पुढच्या गल्लीत ऐकू गेली. खोकी पडली. टेबलाखालून पहिल्यांदा आवाज आला: "आम्ही वाचलो!" आणि मग, जरा थांबून, "दोरी काढू नका."

काढली नाही. पायाला अजून बांधलेली आहे.

जुनी घंटा

मी इथे चष्मा पुसतेय. पुढच्या रविवारचं लिहा.

चिमणी_वर्ग

पुढचा रविवार झाला. तो आला, आधी दोरी आहे का बघितलं, मग आत गेला. आता नवीन अडचण अशी की त्याच्याबरोबर आणखी चौघं आत गेली. "आम्हीपण राहाबेच्या घरातले." बुटात लाइटवालाही त्यातच आहे, आत अंधार असल्यामुळे त्याचा लाइट छान दिसतो म्हणे. गोष्ट मी जमिनीवर पालथी पडून टेबलाखाली तोंड घालून सांगितली. सगळ्यांनी ऐकली.

टेबल तीन बाय दोनचं आहे. मोठं कुणी देत असेल तर सांगा.